रमजानच्या महिन्यात शेजारधर्म कसा पाळावा

रमजान तोंडावर आला की वाचकांकडून दरवर्षी साधारण तेच प्रश्न येतात. सोसायटीतल्या सगळ्यांनी मिळून इफ्तार ठेवावी का, आणि ठेवलीच तर खर्च कोणी करायचा? रोजा असलेल्या सहकाऱ्यासमोर डबा उघडला तर चालेल का? आपल्या घरात कांदा-लसूणही चालत नाही, मग बोलावणे आले तर काय सांगायचे? मुस्लिम वाचकांच्या अडचणी वेगळ्या असतात. ईदची रजा नेमक्या कोणत्या तारखेची मागायची, जकातीतून शेजारच्या गरजू हिंदू कुटुंबाला मदत करता येते का, आणि शेजाऱ्यांना इफ्तारला बोलावले की उपासनेचा समारंभ होऊन बसतो, त्याचे काय?

या सगळ्यांना एक ठरलेले उत्तर मिळते: सर्व धर्मांची शिकवण एकच आहे, मिळूनमिसळून राहा. उत्तर चुकीचे नाही, पण त्याने कोणाचाच प्रश्न सुटत नाही. संयम, दान, पाहुणचार ही मूल्ये सगळ्या परंपरांत आहेत हे खरे. मात्र ती पाळण्याचे नियम प्रत्येक परंपरेने वेगळे घालून दिले आहेत, आणि एकत्र राहताना अडते ते या नियमांपाशी: घड्याळापाशी, ताटापाशी, पैशापाशी आणि आवाजापाशी. म्हणून या लेखाचा आग्रह एवढाच आहे की दुसऱ्याचा नियम नीट समजून घ्या आणि आपल्या सोयीसाठी तो वाकवायला सांगू नका. समान मूल्यांचा आदर रोजच्या व्यवहारात असाच दिसतो.

उपास ओळखीचा, नियम वेगळे

कुराणातील अल-बकरा या सूरेत रोज्याची आज्ञा देतानाच असे म्हटले आहे की उपवास तुमच्या आधीच्या लोकांनाही सांगितला गेला होता. महाराष्ट्राला तर हे सांगावेच लागत नाही. एकादशी, हरतालिका, संकष्टी, जैनांचे पर्युषण, बौद्ध उपासकांचा उपोसथ, वसईच्या ख्रिस्ती कुटुंबांतला चाळीस दिवसांचा उपवासकाळ, कोकणातल्या बेने इस्रायलींचा यॉम किप्पूरचा उपवास, हे सारे याच मातीत पाळले जाते. २०२६ मध्ये ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस, राखेचा बुधवार, १८ फेब्रुवारीला होता आणि भारतात पहिला रोजा लगेच दुसऱ्या दिवशी. एकाच गल्लीत दोन घरे एकाच आठवड्यात आपापल्या जिभेला लगाम घालत होती.

पण याच ओळखीमुळे एक चूक फार सहज होते. आपल्या उपासाला साबुदाणा, शेंगदाणे, फळे, चहा चालतो म्हणून आपण रोजेदाराला मायेने म्हणतो, ‘अहो, निदान घोटभर पाणी तरी घ्या.’ रोज्यात पहाट फुटल्यापासून सूर्य मावळेपर्यंत अन्नही नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. महाराष्ट्रात मार्च महिन्यात हा वेळ तेरा तासांहून थोडा अधिक भरतो. आपला आग्रह कितीही प्रेमाचा असला तरी त्याला तो दर वेळी नाकारावा लागतो, आणि नकार देण्याचे ओझे त्याच्यावरच पडते. तेव्हा आग्रह करू नका. तुमचा डबा मात्र लपवून खाण्याची गरज नाही. समोर कोणी जेवत असताना मन आवरणे हा रोज्याचाच भाग आहे, आणि बहुतेक रोजेदार तसे स्वतःच सांगतात.

याच्याच जोडीची दुसरी गोष्ट, जी फारशी कोणी सांगत नाही. एखादी मुस्लिम सहकारी दुपारी पाणी पिताना दिसली तर ‘आज रोजा नाही का?’ असे विचारू नका. आजारी माणूस, प्रवासी, गरोदर किंवा अंगावर पाजणारी आई यांना रोज्यातून सवलत आहे. पाळीच्या दिवसांत तर रोजा ठेवायचाच नसतो. ते रोजे नंतर भरून काढले जातात. चारचौघांत विचारलेला तुमचा साधा प्रश्न तिला उत्तर देता न येण्याजोगा असू शकतो.

तारीख आणि वेळ आधी विचारा

हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचे असते. आपल्या पंचांगात अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ घातला जातो, तशी सोय तिथे नाही; त्यामुळे रमजान दरवर्षी १० ते ११ दिवस आधी सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. महिना २९ दिवसांचा की ३० दिवसांचा, हे चंद्र दिसल्यावर ठरते. म्हणून ईदची तारीख आदल्या संध्याकाळपर्यंत पक्की नसते, आणि रजेच्या अर्जावर दोन तारखा लिहिणारा कर्मचारी चालढकल करत नसतो. दाऊदी बोहरा समाजाचे पंचांग मात्र गणिताने ठरलेले असते; त्यांचा रमजान कायम ३० दिवसांचा असतो आणि बहुतेकदा इतरांच्या एक-दोन दिवस आधी सुरू होतो. शिया कुटुंबे सूर्यास्तानंतर काही मिनिटे थांबून, पूर्वेकडची लाली ओसरल्यावर रोजा सोडतात. सगळे मुस्लिम एकाच मिनिटाला रोजा सोडतात असे गृहीत धरून कार्यक्रम आखला तर त्यातल्याच काही पाहुण्यांना अवघडल्यासारखे होते. दुसऱ्या शहराचे वेळापत्रकही वापरू नका. नागपुरात सूर्य मुंबईपेक्षा सुमारे २५ मिनिटे आधी मावळतो.

एकत्र बसून खायचे असेल तर

इथे थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक गोंधळ ताटापाशीच होतो. समजा, इमारतीत मुस्लिम, जैन आणि एकादशी करणारी हिंदू कुटुंबे आहेत आणि सगळ्यांनी एक संध्याकाळ सोबत घालवायची आहे. चौविहार पाळणारे जैन सूर्यास्तानंतर अन्नपाणी घेत नाहीत. रोजेदार सूर्यास्तापूर्वी घेत नाहीत. ज्या क्षणी एकाचा उपास सुटतो, त्याच क्षणी दुसऱ्याचा सुरू होतो. इथे ‘आजच्या दिवस चालवून घ्या’ असे म्हणणे दोघांपैकी एकाच्या नियमाला कमी लेखणे आहे. त्यावर सरळ तोडगा असा: जैन शेजाऱ्यांचे ताट सूर्यास्ताच्या अर्धा-पाऊण तास आधी, वेगळ्या भांड्यांत, कंदमुळाशिवाय वाढा, ते जेवत असताना रोजेदारांनी त्यांच्याशेजारी गप्पा मारत बसावे, आणि रोजा सुटताना जैनांनी तसेच बसावे. दोघे एका ताटात जेवले नाहीत म्हणून कार्यक्रम फसत नाही. ते जमणार नसेल तर त्यांना ईदच्या दिवशी दुपारी घरी बोलवा.

हिंदू पाहुण्यांच्या उपासाचा अंदाज आधी बांधता येतो, कारण दोन्ही पंचांगे चंद्रावर चालतात. साधारण नवव्या-दहाव्या रोज्याच्या आसपास शुद्ध एकादशी येते, सोळाव्याच्या आसपास संकष्टी आणि चोविसाव्या-पंचविसाव्याच्या आसपास वद्य एकादशी. २०२५ आणि २०२६ या दोन्ही वर्षी पहिली एकादशी बरोबर नवव्या रोज्याला होती. या दिवशी बोलावलेत तर खजूर, फळे, साबुदाण्याची खिचडी वेगळी ठेवा. संकष्टीवाला पाहुणा चंद्रोदयापर्यंत फराळावरच राहील हे लक्षात असू द्या. नाहीतर तारीखच बदला, ते सर्वांत सोपे.

यजमान तुम्ही असाल आणि पाहुणे रोजेदार असतील तर एवढे सांभाळा:

- खजूर आणि पाणी आधी हाताशी ठेवा. रोजा त्यानेच सोडण्याची रीत आहे आणि वेळ झाल्यावर उशीर करायचा नसतो. प्रमुख पाहुणे वाटेत आहेत म्हणून कोणालाही थांबवू नका.
- त्यानंतर लगेच मगरिबची नमाज असते. हातपाय धुण्याची सोय आणि एक स्वच्छ कोपरा द्या. महाराष्ट्रातून नमाजची दिशा पश्चिमेकडे, किंचित उत्तरेला झुकलेली येते. या दहा-पंधरा मिनिटांत भाषण, सत्कार, फोटो काहीही ठेवू नका.
- मांसाहार ठेवायचा तर हलालच हवा. खात्री नसेल तर शाकाहारी बेत करा. फळे, भजी, छोले, दहीवडे, सरबत यावर उत्तम इफ्तार होते. मिठाई किंवा पुडिंगमध्ये मद्यार्क अथवा जिलेटिन नाही ना, हे पाहून घ्या.

यजमान मुस्लिम कुटुंब असेल तर शाकाहारी पदार्थांची कढई, तेल आणि डाव वेगळे ठेवा, आणि तसे ठेवले आहे हे पाहुण्यांना आपणहून सांगा. विचारायला लोक संकोचतात आणि मग नुसते सरबत पिऊन उठतात. आणखी एक. इफ्तार मोठी झाली की स्वयंपाकघरातल्या बाईचा रोजा दुपारपासून चुलीपुढे जातो. तिलाही पहाटे उठून सहेरी करायची असते, कुराण वाचायचे असते. पन्नास माणसे बोलवायची असतील तर स्वयंपाक बाहेरून मागवा किंवा प्रत्येक घराने एक पदार्थ आणावा. घरातल्या पुरुषांनी वाढायला आणि भांडी आवरायला उभे राहावे. पाहुणचाराचे पुण्य सगळ्या घराचे आणि श्रम एकटीचे, हे कोणत्याच धर्माच्या शिकवणीत बसत नाही.

इफ्तार हा उपासनेचा भाग आहे, त्याची पार्टी कशाला, हा आक्षेप मुस्लिम समाजातूनच घेतला जातो आणि तो रास्त आहे. राजकीय इफ्तारींनी हे दुखणे वाढवले. तिथे रोजेदारापेक्षा व्यासपीठ महत्त्वाचे ठरले. पण त्यावर बोलावणेच बंद करणे हा उपाय नव्हे. रोजा सोडायला कोणाला बोलावणे हे इस्लामी परंपरेत पुण्याचेच मानले आहे. संख्या कमी ठेवा, भाषणे वगळा, नमाजला जागा सोडा. मग उपासना उपासनाच राहते. शेवटच्या दहा रात्री अनेकांना एकांत हवा असतो, काही जण मशिदीत एतिकाफला, म्हणजे उपासनेच्या एकांतवासाला, बसतात. सामूहिक कार्यक्रम पहिल्या वीस दिवसांतच उरका.

ऑफिस, दुकान, परीक्षा

इथे हक्क कोणता आणि सामंजस्य कोणते, हे वेगळे ओळखा. संविधानाच्या अनुच्छेद २५ ने धर्म आचरण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, पण ते प्रामुख्याने राज्यसंस्थेच्या विरुद्ध वापरायचे संरक्षण आहे. खासगी कंपनीने नमाजसाठी स्वतंत्र वेळ दिलाच पाहिजे असे त्यातून निघत नाही. दुसरीकडे, महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ ज्या आस्थापनांना लागू आहे, तिथे वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या मिळतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी आपसांत ठरवायच्या. ईदची सुट्टी हवी असेल तर बोलण्याची वेळ डिसेंबर आहे. चाँदरातीला सुरू झालेली धावपळ बहुतेक वेळा फुकट जाते. सुट्टी यादीत बसली नाही तर याच कायद्यातली आठ दिवसांची किरकोळ रजा आहेच.

सामंजस्याच्या बाबतीत रोजेदारांनी आपणहून प्रस्ताव मांडावा: जेवणाची सुट्टी घेत नाही, त्याऐवजी तेवढा वेळ लवकर निघतो. असा अदलाबदलीचा प्रस्ताव मान्य होतो, कारण त्यात इतरांवर भार पडत नाही. वरिष्ठांनी महत्त्वाच्या बैठका सकाळी घ्याव्यात. मात्र ‘तुझा रोजा आहे ना’ म्हणत काम काढून घेऊ नये. विचारावे, आणि तो जे सांगेल ते मानावे. वाहन किंवा यंत्र चालवणाऱ्यांनी तिसऱ्या प्रहरानंतर येणारी सुस्ती गांभीर्याने घ्यावी.

सध्या रमजान दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत येतो. वयात न आलेल्या मुलांवर रोजा बंधनकारक नाही; मोठ्या मुलांनी काय करायचे, हे त्या घराने ठरवावे. शिक्षकांनी वर्गात कोणत्याही बाजूने मत देऊ नये, फक्त पेपरच्या आदल्या रात्री पुरेशी झोप झाली का, एवढे पाहावे.

मधुमेहींनी महिनाभर आधी डॉक्टरांना भेटून औषधांच्या वेळा बदलून घ्याव्यात. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुसंख्य उलेमांचे मत आहे. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असे आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मार्गदर्शन सांगते. शेजाऱ्याला घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे अडखळू लागले आणि गिळता येत असेल तर साखरपाणी द्या. जीव वाचवण्यासाठी रोजा सोडण्याची मुभा धर्मानेच दिली आहे.

जकात, सदका आणि वर्गणी

वर्षभर बाळगलेली संपत्ती सुमारे ८७.५ ग्रॅम सोने किंवा ६१२ ग्रॅम चांदी यांच्या किमतीइतकी झाली की तिच्या अडीच टक्के जकात निघते, आणि ती कोणाला द्यायची याचे आठ वर्ग कुराणात ठरलेले आहेत. बहुसंख्य फकिहांच्या, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांच्या, मते जकात मुस्लिम गरजूंसाठीच आहे. सदक्याला, म्हणजे ऐच्छिक दानाला, मात्र असे कुंपण नाही. तो कोणत्याही धर्माच्या माणसाला देता येतो. म्हणजे शेजारच्या हिंदू किंवा बौद्ध कुटुंबाच्या औषधपाण्याला, मुलीच्या फीला पैसे द्यायचे तर ते सदक्यातून द्या. यावर कोणी म्हणेल की मग जकात संकुचित झाली. तसे नाही. आपापल्या समाजातल्या गरजूंसाठी राखीव निधी जैन, ख्रिस्ती, पारशी संस्थांतही असतात. महत्त्वाचे हे की उघड्या दानाचा दरवाजा त्याच परंपरेत शेजारीच आहे, आणि तो वापरावा. जकातीचे पैसे सोसायटीच्या इफ्तारला मात्र लावू नका. खाऊन-पिऊन सुखी शेजारी त्या आठ वर्गांत बसत नाहीत. ईदच्या नमाजपूर्वी द्यायचा फितरा कोणाला द्यावा, याबाबत मतभेद आहेत. आपल्या मौलानांना विचारा.

मुस्लिमेतर शेजाऱ्यांना हातभार लावायचा असेल तर खजूर, फळे, दूध अशा वस्तू द्या. दारोदार वर्गणी काढायची वेळ आली तर गणेश मंडळांना लागू असलेलाच नियम इथेही आहे: नोंदणीकृत न्यास नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ४१क नुसार धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्या, पावती द्या, हिशेब लावा.

हॉल, भोंगा आणि रस्ता

सोसायटीच्या हॉलसाठी समितीकडे लेखी अर्ज करा. सत्यनारायण, नवरात्र किंवा वाढदिवसाला जे भाडे आणि जी अनामत घेतली जाते तीच इफ्तारला लागू व्हावी. फक्त याच कार्यक्रमाला नकार मिळाला तर कारण लेखी मागा आणि सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे दाद मागा. हॉलमध्ये कोणालाच मांसाहार चालत नसेल तर तो नियम इफ्तारलाही लागू आहे, तिथे अपवाद मागू नका.

ध्वनिक्षेपकाचा नियम २००० सालापासून सर्वांना एकच आहे. रात्री १० ते सकाळी ६ बंदी. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकते. सहेरीला उठवणारा भोंगा पहाटेच्या बंदीत येतो, आणि फोनमधल्या गजरामुळे त्याची गरजही उरलेली नाही. रमजानमधल्या रात्रीच्या तरावीहच्या नमाजसाठी बंद सभागृहात आतल्या आत ध्वनिक्षेपक चालतो, आवाज बाहेर जाता कामा नये. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आणि तक्रारदाराचे नाव उघड न करता पोलिसांनी कारवाई करावी असेही सांगितले. तेव्हा त्रास होत असेल तर आधी मशिदीच्या विश्वस्तांशी बोला, नाही जमले तर ११२ वर कळवा. पण मग शेजारच्या मंडळाच्या रात्री अकराच्या डीजेबद्दलही तोच फोन करा. एकालाच लावलेला नियम हा नियम राहत नाही.

‘आम्हीच किती सांभाळून घ्यायचे?’ हा प्रश्न दोन्हीकडून विचारला जातो आणि तो टाळू नये. सांभाळणे एकतर्फी असेल तर टिकत नाही, हे मान्यच आहे. पण ते एकतर्फी नाही, याचा पुरावा मुंबईतच आहे. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. विसर्जनाच्या गर्दीचा विचार करून मुस्लिम संघटनांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचे ठरवले. २०२४ मध्येही जुलूस विसर्जनानंतरच निघाला. त्यात कोणाचा सण कमी झाला नाही आणि पोलिसांवरचा ताणही हलका झाला. २०२५ मध्ये गुढीपाडवा ३० मार्चला आणि ईद ३१ मार्चला होती. अशा वेळी शोभायात्रेचा मंडप रात्रीच आवरला गेला तर सकाळच्या नमाजला मैदान मोकळे मिळते.

पुढची अशी वेळ फार दूर नाही. २०२७ चा रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होण्याची अपेक्षा आहे. म्हणजे माघी गणेश जयंती, १९ फेब्रुवारीची शिवजयंती आणि महाशिवरात्र हे तिन्ही रमजानच्या महिन्यातच येतील. मंडळांच्या कार्यकर्त्यांनी आणि मशिदीच्या विश्वस्तांनी जानेवारीतच एकदा बसावे, मिरवणुकीचा मार्ग, मगरिब आणि तरावीहच्या वेळा, वाहने लावण्याची जागा एकाच कागदावर लिहावी आणि दोघांच्या सह्यांनिशी तो कागद पोलीस ठाण्यात द्यावा.